डावा कोपरा

दादासो कोकरेनं माझा घोटा पहिल्यांदा धरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याच्या पायात बूटही नव्हते. मी एकोणीस वर्षांचा, मंडळाचा पहिल्या नंबरचा चढाईपटू. माळेगाव बुद्रुकला कारखान्याच्या कामगार वसाहतीमागं आमचं कबड्डीचं मैदान होतं. समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत कुणाला तरी शिवायचं आणि मध्यरेषेवर परत यायचं, हे माझं काम. मला परत जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं. त्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या नव्या पोराला शिवायला मी पाय पुढं टाकला आणि तो पाय काही परत आला नाही. तोंडावर आपटलो. माती थुंकत मागं बघतो तर हा अजून घोटा धरून बसलेला.

"सोड की आता," मी म्हणालो.

"शिट्टी वाजंस्तवर सोडायचं न्हाय म्हणलेत सर."

सर म्हणजे सर्जेराव सर. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यावर जास्तच कडक झालेले. त्यांनीच दादासोला शोधून आणलं होतं. त्याचं गाव कऱ्हाटी, आमच्या तालुक्यातच, पण जिरायत अंगाला. तिथं दादासोचे वडील गेणबा यांच्याकडं पूर्वी मोठा कळप होता, मेंढरं घेऊन ते कोकणापर्यंत उतरायचे. पुढं कळप कमी केला, शेततळं खोदलं, डाळिंब लावलं. तरी चाळीसेक मेंढरं ठेवलीच. सर तिकडं पाहुण्यांकडं गेले होते तेव्हा मेंढरांची कातरणी चालली होती. कुंपणाच्या वाड्यात मेंढरं सैरावैरा पळत होती आणि हे पोरगं कमरेत वाकून, अजिबात न पळता, जवळून जाणाऱ्या मेंढराचा मागचा पाय अलगद पकडत होतं. सर अर्धा तास उभे राहिले. एकही सुटलं नाही.

"कबड्डी खेळतोस का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. मला दम धरता येत न्हाय."

"दम दुसरा धरंल. तुला तो मोडायचाय."

दुसऱ्या दिवशीपासून दादासो एसटीनं माळेगावला यायला लागला.

त्या पहिल्या संध्याकाळनंतर सरांनी त्याला महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. हात पाठीमागं बांधून कोपऱ्यात उभं करायचे आणि आम्हाला त्याच्यासमोर नाचायला लावायचे. "पाय बघ," सर ओरडायचे. "तोंड बघू नको, तोंड खोटं बोलतं. खांदा बी खोटं बोलतो. पाय कुठं ठेवायचा हे माणसानं ठरवल्याशिवाय पाय जात न्हाय." दादासो बघायचा. मला राग यायचा त्याच्या बघण्याचा. महिन्यानं हात मोकळे झाले आणि आमचे हाल सुरू झाले.

त्याची पकड आम्ही सगळेच ओळखायला लागलो. पाय पुढं आला की तो दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि धरल्याधरल्या स्वतःच्या डाव्या अंगावर लोळायचा. त्या लोळण्यानं चढाई करणाऱ्याचा तोल असा जायचा, की कितीही ताकद असली तरी तो आडवा. सर त्याला 'लोळण' म्हणायचे. सगळ्या जिल्ह्यात ती लोळण माहीत झाली.

मी पुढं कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरीला लागलो. खेळ संध्याकाळपुरता उरला. दादासो मात्र थांबला नाही. जिल्ह्याच्या संघात गेला, राज्याच्या निवडीत दोनदा राहून गेला, तिसऱ्यांदा आत गेला. तेविसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघानं त्याला लिलावात घेतलं. टीव्हीवर दिसणारी लीग, मॅटवरचा खेळ, विमानानं जायचं आणि हॉटेलात राहायचं. गेणबांना मी हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे धरायचंच काम हाय न्हवं?"

"व्हय आबा, धरायचंच."

"मग जमंल त्याला."

पहिलं वर्ष तो राखीव खुर्चीवरच बसला. दुसऱ्या वर्षी खेळायला मिळालं तर घाई करायला लागला. चढाईपटूला ओलांडावीच लागते ती निदानरेषा त्यानं ओलांडायच्या आत हा झेप घ्यायचा आणि फुकट गुण द्यायचा. सर फोनवरून इतके बोलायचे, की त्यानं फोन कानापासून लांब धरला तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं, असं तोच सांगायचा. तिसऱ्या हंगामात मात्र तो बसला. म्हणजे कोपऱ्यात बसावं तसा शांत झाला. सोळा सामन्यांत पकडींच्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं. टीव्हीवरचे लोक त्याच्या लोळणीबद्दल बोलायला लागले.

त्याच हंगामात यशराजची गोष्ट घडली.

यशराज राऊत इंदापूर तालुक्यातला, निमगाव केतकीचा. त्याच्या घरचा पानमळा. वडील लवकर गेले, मळा आई भामाबाईंनी सांभाळलेला. यशराज आणि दादासो जिल्ह्याच्या संघात एकत्र खेळलेले, एकाच ताटात जेवलेले नसले तरी एकाच खोलीत झोपलेले. यशराज चढाईपटू. उंच, हलका, वळताना वाऱ्यावरच्या वेलीसारखा. लीगमध्ये तो दुसऱ्या संघात होता.

सामना संपायला दीड मिनिट होतं. दादासोचा संघ एका गुणानं मागं, आणि मैदानात त्यांचे तिघेच उरलेले. तिघांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. यशराजच्या संघाच्या आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या होत्या, त्यामुळं या चढाईत त्याला गुण आणणं भागच होतं. आम्ही मंडळाच्या खोलीत टीव्हीसमोर उभे. यशराज आला, उजवीकडं झुकला, वळला आणि डाव्या कोपऱ्यात पाय टाकला. दादासोनं घोटा धरला. धरल्याधरल्या लोळला. त्याच क्षणाला मधला गडी दुसऱ्या अंगानं यशराजच्या कमरेवर आदळला. पाय मॅटवर रुतलेला, घोटा एकीकडं आणि अंग दुसरीकडं.

आम्ही ओरडलो. दोन गुण मिळाले होते. मग गुडघा धरून पडलेला यशराज उठेना, तेव्हा आमचे आवाज एकेक करून बंद झाले.

दादासोचा संघ त्या एका गुणानं जिंकला. सामन्यातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला बोलावलं. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसत होता, बक्षीस हातात होतं, आणि तो स्ट्रेचर गेलं त्या दाराकडं बघत होता. पकड नियमात होती. पंचांनी, यशराजच्या प्रशिक्षकांनी, सगळ्यांनीच तसं सांगितलं. पुढं एकदा तो मला म्हणाला, "आवाज झाला म्हणत्यात. मी ऐकला न्हाय, अवि. माझ्या हाताला कळला."

त्यानंतर त्याचा हात सुटायला लागला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वेळेवर झेपावायचा, घोटा बरोबर सापडायचा, पण समोरच्यानं झटका दिला की बोटं उघडायची. एकदा, दोनदा, मग प्रत्येक सामन्यात. प्रशिक्षकानं त्याला बसवलं. पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कुणी हात वर केला नाही.

तो कऱ्हाटीला परत आला. डाळिंबाच्या बागेत काम करायचा, बोलायचा नाही. मी एका रविवारी गेलो तर गेणबा बांधावर बसलेले.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काय म्हणायचंय. घरात खायला हाय, म्हणलं बस. पण मेंढरांत बसू नगं, तुझं त्वांड बघून ती बी चरायची बंद झाल्यात." मग त्यांनी बागेकडं बघितलं. "त्या पोराकडं गेला न्हाय अजून. तितं जायला पायजे. मी सांगून जायाचा न्हाय. तू ने."

मी दादासोला गाडीवर मागं बसवलं. कुठं चाललोय हे त्याला इंदापूर रस्त्यावरची काटेवाडी मागं गेल्यावर कळलं असावं. पण उतरला नाही.

निमगावात भामाबाई ओसरीवर पानं निवडत बसल्या होत्या. मी दादासोचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, त्याच्याकडं बघितलं.

"त्यो तूच का?"

"व्हय, मावशी."

"झोपलाय त्यो." आणि पुन्हा पानं निवडायला लागल्या. आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. आत खाटेची करकर ऐकू येत होती. झोपलेलं कुणी नव्हतं.

परत येताना मला वाटलं, झालं, जाऊन आलो, संपलं. पण दुसऱ्या रविवारी दादासो एकटा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो जाऊन ओसरीच्या पायरीवर बसला आणि न विचारता पानं निवडायला लागला. फाटकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. भामाबाईंनी त्याची निवडलेली पानं परत बघितली, त्यातली चार काढून टाकली आणि म्हणाल्या, "डागाची बी काढायची." तेवढंच. चौथ्या वेळी यशराज कुबड्या घेऊन दारात आला. दाढी वाढलेली. पुण्याला दुसरी शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले होते आणि पाय लाकडासारखा ताठ होता.

"माफी मागायला येत असशील तर आल्या वाटंनं जा," तो म्हणाला. "तुझ्या माफीनं माझा गुडघा वाकायचा न्हाय."

"मग कशानं वाकंल?"

यशराजनं ताठ पायाकडं बोट दाखवलं. "हातानं. दिवसातनं तीनदा कुणीतरी धरून वाकवायचा, असं सांगितलंय. आई धरती. मी वरडलो की सोडती. तिच्यानं हुईना." मग कुबडी भिंतीला टेकवली. "तू वाकव."

हे सगळं मला दादासोनं कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. यशराज खाटेवर पालथा झोपला. दादासोनं त्याचा घोटा हातात घेतला. तोच घोटा. हळूहळू मागं वाकवायला लागला. थोडं वाकलं आणि यशराज असा ओरडला, की मळ्यातली बायामाणसं उभी राहिली. दादासोचा हात सुटला.

"सोडू नगं!" यशराज खाटेवर मूठ आपटत म्हणाला. "सोडायची सवय लागलीय व्हय तुला? पडल्या-पडल्या सगळं सामनं बघितलेत मी तुझं. हात सुटतोय तुझा. मला वाटलं, माझा गुडघा गेला तर निदान ह्याचा हात तरी राहील. त्यो बी घालवलास. धर!"

दादासोनं पुन्हा धरलं. यशराज ओरडत राहिला, दादासो रडत राहिला, आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत त्यानं पाय सोडला नाही. भामाबाई दाराबाहेर पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

इंदापूरच्या फिजिओनं त्याला शिकवलं, किती वाकवायचं, कुठं थांबायचं. दादासो आधी रोज येऊन-जाऊन करायचा. मग एके दिवशी भामाबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबनं कशाला हेलपाटं घालतोस? मळ्यातली खोली रिकामी हाय." तो तिथं राहिला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाय वाकवायचा, मधल्या वेळात मळ्यात काम करायचा. सत्तर अंशांवर अडकलेला गुडघा तीन आठवड्यांत शंभराच्या पुढं गेला. त्या दिवशी भामाबाईंनी पुरणाचा घाट घातला आणि दादासोला पंगतीत यशराजच्या शेजारी बसवलं.

सात-आठ महिन्यांनी दोघं कॅनॉलच्या कडेनं पळायला लागले. आधी यशराज मागं, मग बरोबरीनं. वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरांनी हलका खेळ चालेल म्हणून सांगितलं आणि यशराजनं मला फोन केला. "अवि, मैदान मोकळं ठेव. तुझा घोटा लागणार हाय."

माळेगावच्या मैदानावर त्या संध्याकाळी चौघंच होतो. सर्जेराव सर, खुर्चीवर यशराज, डाव्या कोपऱ्यात दादासो आणि चढाईला मी, तिशी गाठलेला आणि पोट सुटलेला. मी पाय टाकला. त्यानं धरला. झटका दिला. सुटला.

"परत," सर म्हणाले.

पुन्हा सुटला. अकरा वेळा सुटला. मला वाटायला लागलं, की आपण घरी जावं. बाराव्या वेळेला यशराज खुर्चीवरून उठला, लंगडत आला आणि दादासोच्या शेजारी मातीत बसला.

"तू लोळतोस, म्हणून भितोस," तो म्हणाला. "मी आजवर कुणाला बोललो न्हाय, पण ऐक. पाय धरणाऱ्यापेक्षा, ज्याचा धरलाय त्याला जास्त कळतं. तू धरतोस तवा माझा पाय भुईला टेकलेला असतो. तू बाजूला लोळलास की टाच हालत न्हाय आणि गुडघा फिरतो. लोळू नगं. धरल्याधरल्या पाय भुईवरनं वर घे आणि सरळ तुझ्या छातीकडं वढ. टाच उचलली का गुडघ्यावर पीळ येत न्हाय. माणूस पडतो, मोडत न्हाय."

सर्जेराव सरांनी खाली वाकून माझी टाच एकदा उचलून बघितली. चाळीस वर्षं त्यांनी पकड शिकवली होती. "जड जाईल हे," ते म्हणाले. "लोळायला वजन पुरतं. उचलायला पाठ लागती."

"पाठ करू की," दादासो म्हणाला.

"आणि मधला गडी?" सरांनी विचारलं. "त्यो आदळला तर?"

"त्याला तू आवाज द्यायचा," यशराज म्हणाला. "टाच वर आली का 'ये'. तवर 'थांब'. तू आजवर मैदानात त्वांड उघडलं न्हाईस, दादासो. उघडायला लाग."

दादासो त्या मैदानावर सहा महिने राहिला. सकाळी वाळूची पोती उचलून पाठ कमवायची, संध्याकाळी पकड. पहिले पंधरा दिवस त्याची उचल अर्ध्यात राहायची आणि मी पाय सोडवून पळायचो. मग एके दिवशी पाय असा वर गेला, की मी पाठीवर पडलो. आभाळ दिसलं, गुडघा शाबूत होता. पडल्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. सरांनी शिट्टी वाजवली. दादासोनं पाय सोडला, माझा गुडघा चाचपला आणि विचारलं, "दुखलं?"

"कंबर दुखली. परत चल."

खरी परीक्षा इंदापूरच्या स्पर्धेत झाली. मातीवरची, वजनी गटाची, गावोगावचे संघ. निमगावच्या संघात यशराज उतरणार, ही बातमी आधीच पसरली होती. आमची आणि निमगावची गाठ दुसऱ्या दिवशी पडली. माणसं बाभळीवर चढून बसली होती. भामाबाई पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या. बायकांमध्ये मधोमध बसल्या होत्या.

मैदानात उतरायच्या आधी यशराज आमच्याकडं आला. "तुझ्या कोपऱ्यात येणार हाय," तो दादासोला म्हणाला. "सोडलास तर मळ्यात परत पाय ठेवू नगं."

पहिलीच चढाई यशराजची. दम धरून तो आत आला. उजवीकडं झुकला, वळला. तीच चाल. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सोड रं त्याला!" यशराजनं डाव्या कोपऱ्यात पाय टाकला.

दादासोनं घोटा धरला. यशराजनं झटका दिला, सगळ्या ताकदीनं दिला, मी शेजारी उभा होतो म्हणून सांगतो, त्यात कसलीही कसूर नव्हती. बोटं उघडली नाहीत. टाच भुईवरून उचलली. मी धावायला निघालो होतो तर दादासो गरजला, "थांब!" मी जागच्या जागी थांबलो. "ये!" मी गेलो, पण तोवर काम झालंच होतं. यशराज पाठीवर पडला होता.

बायकांमधून भामाबाई उभ्या राहिल्या. यशराजनं डोळे मिटलेले. मग त्यानं एक पाय दुमडला, दुसरा दुमडला, उठला, अंगावरची माती झटकली आणि मांडीवर थाप मारून चालत मैदानाबाहेर गेला. तेव्हा कुठं लोकांना टाळ्या आठवल्या.

पुढं तो पुन्हा मैदानात आला तेव्हा त्यानं दादासोला शिवून बाद केलं, तेही सगळ्यांसमोर जीभ दाखवून. पण परतताना वळला तेव्हा मी त्याचा चेहरा बघितला. मध्यरेषेवर उभं राहून त्यानं गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि आपल्या कर्णधाराला म्हणाला, "बास. माझ्या जागी दुसरा घे." नंतर मंडपामागं आम्ही त्याला गाठलं. दादासोचं तोंड पांढरं पडलेलं.

"तुझ्या पकडीनं न्हाय," यशराज म्हणाला. "वळताना कळलं. पूर्वीसारखं वळत न्हाय आता त्यो, आणि वळणारबी न्हाय. दोन चढाया झाल्या, एकात पडलो, एकात गुण आणला. माझं भागलं. तुझं भागलं न्हाय अजून."

दादासोनं यशराजच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, थोडं पाणी त्याच्या गुडघ्यावरच्या मातीवर ओतलं आणि माती पुसली.

त्या वर्षी लिलावात दादासोला कुणी घेतलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिशी जवळ आलेला, दोन हंगाम बाहेर बसलेला, हात सुटतो म्हणून नाव झालेला कोपऱ्याचा गडी कोण घेणार? तो जिल्ह्याकडून खेळत राहिला. राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत त्यानं एकट्यानं पंचवीस पकडी केल्या. लीगचा हंगाम अर्ध्यावर असताना दक्षिणेकडच्या एका संघाचा डावा कोपरा बोट मोडून बसला आणि तिथून फोन आला. दादासो तेव्हा डाळिंबाला औषध मारत होता. पंप खाली ठेवला, हात धुतले आणि घरात जाऊन बॅग काढली. गेणबांनी विचारलं, "परत धरायचंच काम हाय?"

"आता धरायचं आणि वरडायचं बी काम हाय."

पहिल्या सामन्यात त्याच्या वाट्याला एकच संधी आली. त्यानं घोटा धरला, उचलला आणि एवढ्या मोठ्यानं 'थांब' म्हणाला, की त्यांच्या संघातल्या मराठी न कळणाऱ्या गड्यांनाही अर्थ कळला. पुढं तो शब्द त्या संघात रुळला. हरियाणाचे, तमिळनाडूचे, इराणचे गडी मैदानात 'थांब' आणि 'ये' म्हणायला लागले. टीव्हीवर ऐकू यायचं. आम्ही मंडळाच्या खोलीत हसून लोळायचो.

तो त्या संघात चार हंगाम खेळला, त्यातला शेवटचा कर्णधार म्हणून. करंडक काही मिळाला नाही. एकदा उपांत्य सामन्यात दोन गुणांनी गेले, एकदा त्याच्याही आधी. त्याच्या शेवटच्या सामन्यात दोन पकडी झाल्या, एक सुटली, संघ हरला. त्यानं बूट काढले, बॅगेत भरले आणि समोरच्या संघातल्या प्रत्येकाशी हात मिळवून आत गेला. त्याच्या या दुसऱ्या डावात त्यानं दीडशेच्या वर पकडी केल्या. ज्यांना त्यानं धरलं त्यातला एकही स्ट्रेचरवरून गेला नाही. हा आकडा कुठल्याही यादीत नसतो. यशराजनं मात्र तो ठेवलाय.

यशराजनं मळा वाढवला आणि संध्याकाळी माळेगावला येऊन चढाई शिकवायला लागला. दादासो परतल्यावर पकड शिकवायला लागला. दोघांत एक भांडण कायमचं: आज आधी चढाई की आधी पकड. सर्जेराव सर आता थकलेत, खुर्चीवर बसून दोघांनाही शिव्या देतात.

मागच्या महिन्यात लीगच्या एका संघानं दादासोला बचावाचा प्रशिक्षक म्हणून बोलावलं. त्यानं कळवलं, की येतो, पण चढाईला यशराज राऊत पाहिजे. माझ्या गड्यांना धरायला शिकवायच्या आधी, धरल्यावर काय होतं हे त्यांना सांगणारा माणूस पाहिजे. तिकडून उत्तर यायला आठ दिवस लागले. भामाबाई रोज मला कारखान्यात फोन करून विचारायच्या. नवव्या दिवशी होकार आला.

सोमवारी मी दोघांना पुण्याला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटल्यावर दौंडच्या आसपास फोन केला, तर डब्यात आवाज चढलेले. खालचा बर्थ एकच होता आणि गुडघ्यामुळं यशराजनं खाली झोपावं असं दादासोचं म्हणणं होतं.

"गुडघ्याचं कारण सांगशील तर मी वरच जाणार," यशराज ओरडत होता.

"मग वजनाचं कारण सांगतो. तू वर चढलास तर फळी मोडंल."

खालच्या बर्थवर कुणीतरी धपकन बसल्याचा आवाज आला. मग दादासो फोनवर आला आणि म्हणाला, "ठेवतो, अवि. मला वर चढायचंय."